गावची लीग आणि फिरत्या संघातील मुली

खेळाच्या मैदानावर सगळी मुले सारखीच, असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः ती सारखी नसतात, आणि ही गोष्ट मोठ्यांच्या आधी मुलांनाच कळते. गल्लीतल्या खेळात भिडू वाटून घेताना दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि एकाआड एक गडी मागून घेतात. जो चांगला खेळतो त्याचे नाव आधी पुकारले जाते. जो अगदीच लहान असतो त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवून खेळात घेतात. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ही व्यवस्था कोणी कायदा करून घातलेली नाही. खेळ सर्वांचा राहावा, एका बाजूने तो एकतर्फी होऊ नये, एवढ्याच गरजेतून ती निर्माण झाली. हीच गरज आज अमेरिकेतील गावोगावच्या मैदानांवर मोठ्या माणसांना कोड्यात टाकीत आहे. निमित्त आहे मुलींच्या सॉफ्टबॉलचे.

सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. १८८७ सालच्या नोव्हेंबरात शिकागो शहरातील फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळताच एकाने आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलावला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या गृहस्थांनी तो हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि व्यायामशाळेच्या जमिनीवर मैदान आखले. घरात सुरू झालेला हा खेळ पुढे उघड्यावर आला. १९२६ मध्ये त्याला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचविले गेले आणि १९३३ मध्ये त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. नाव ‘मऊ चेंडू’ असले तरी चेंडू मुळीच मऊ नसतो. त्याचा परीघ बारा इंच असतो. दहा वर्षांखालील मुलींसाठी तो अकरा इंच ठेवतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, हात रहाटाच्या चाकासारखा पूर्ण फिरवून तो कमरेखालून सोडते. दहा वर्षांखालील मुली ३५ फुटांवरून, बारा वर्षांखालील ४० फुटांवरून आणि त्याहून मोठ्या ४३ फुटांवरून चेंडू टाकतात. ताशी ५० मैल वेगाचा चेंडू ४० फुटांचे अंतर अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळात कापतो. बॅट हाती घेऊन उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला निर्णय घेण्यास तेवढाच अवधी मिळतो.

हा खेळ मुलींना अमेरिकेत दोन प्रकारांनी खेळता येतो. पहिला प्रकार म्हणजे गावची लीग. नगरपालिकेचे उद्यान खाते किंवा पालकांचे एखादे मंडळ ती चालविते. वसंत ऋतूत नावे नोंदविली जातात. बेताची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक मुलीला कोणत्या ना कोणत्या संघात जागा मिळते. शिकविणारे कोणी वेतन घेत नाहीत. कोणाचे वडील, कोणाची आई कामावरून सुटून थेट मैदानावर येतात. मुलींच्या सदऱ्यावर गावातल्या दंतवैद्याचे किंवा नळकाम करणाऱ्या कारागिराचे नाव छापलेले असते, कारण सदऱ्यांचा खर्च त्याने उचललेला असतो. येथे खेळावयास मिळणे हा हक्क मानला जातो. लिट्ल लीग या प्रसिद्ध संस्थेच्या नियमांत तर तो लिहूनच ठेवला आहे. संघातील प्रत्येक मुलीला सामन्यात निदान सलग सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि निदान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे.

दुसरा प्रकार म्हणजे फिरता संघ. तेथे त्याला ‘ट्रॅव्हल टीम’ म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस चाचणी घेऊन त्यात दहा-बारा मुली निवडल्या जातात. बाकीच्यांना परत पाठवितात. हिवाळ्यात छपराखाली सराव चालतो. पिचर मुलींना खाजगी शिकवणी लावली जाते. शनिवार-रविवार आला की मोटारीत सामान भरून दुसऱ्या गावी, प्रसंगी दुसऱ्या राज्यात जावयाचे आणि दोन दिवसांत चार-पाच सामने खेळावयाचे. प्रवास, मुक्काम, साहित्य आणि शिकवणी धरून कुटुंबाचा वर्षाचा खर्च हजारो डॉलरांवर जाऊ शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पहिले उत्तर साधे आहे: मुलीला खेळ मनापासून आवडतो आणि तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवे असतात. दुसरे उत्तर महाविद्यालयाच्या दारात सापडते. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करण्यास बंदी केली आणि त्यामुळे महाविद्यालयांतून मुलींच्या खेळांना पैसा व प्रतिष्ठा मिळू लागली. शिष्यवृत्तीची आशा घराघरांत पोहोचली. ती आशा मात्र दिसते तेवढी मोठी नव्हती. वरच्या श्रेणीतील महाविद्यालयाला सॉफ्टबॉलसाठी कित्येक वर्षे बाराच पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्याही साऱ्या संघात वाटल्या जात. २०२५ मध्ये ही पद्धत बदलली. त्यापूर्वी प्रशिक्षकांची घाई इतकी वाढली होती की आठवी-नववीतल्या मुलींकडून तोंडी होकार घेतला जाई. अखेर २०१८ मध्ये अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकांनी मुलींशी भरतीची बोलणी करू नयेत, असा नियम करावा लागला. वरच्या मजल्यावरची ही धावपळ खाली झिरपत झिरपत दहा वर्षांच्या मुलीपर्यंत आली, यात नवल नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे जग आता अनोळखी राहिलेले नाही. नातवंडांकडे गेलेले आजी-आजोबा शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून हा खेळ पाहतात. नियम उमगण्यास त्यांना दोन-तीन सामने लागतात; पण कोणाला खेळू दिले जाते आणि कोण नुसतेच उभे राहते, हे त्यांना पहिल्याच सामन्यात दिसते.

खरा पेच पुढे आहे. फिरत्या संघातील मुलगी गावच्या लीगमध्येही नाव नोंदविते. तिला तसे करावेसे वाटते, याची कारणे मुळीच वाईट नाहीत. वर्गातल्या मैत्रिणी तेथे असतात. पहिल्यांदा बॅट हाती देणारे काका किंवा मावशी तेथेच शिकवीत असतात. फिरत्या संघात ती एकाच जागेला जखडलेली असते. गावात तिला हव्या त्या जागी खेळून पाहता येते. शिवाय उन्हाळ्यात गावाचा निवडक संघ लिट्ल लीगच्या स्पर्धांना जातो, आणि त्यात येण्यासाठी गावच्या लीगमधले ठराविक सामने खेळलेले असावे लागतात. सारांश, ती गावचीच मुलगी आहे. तिने गावच्या मैदानावर का येऊ नये?

याचे उत्तर सॉफ्टबॉलच्या घडणीत दडलेले आहे. फुटबॉलमध्ये एखादा गडी कितीही चपळ असला तरी चेंडू त्याच्या पायाशी थोडाच वेळ असतो. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक डावपेच पिचरच्या हातून सुरू होतो. वर्षभर शिकवणी घेतलेली पिचर आणि आठवड्यातून एकदा सराव करणाऱ्या फलंदाज मुली समोरासमोर आल्या की काय होते, ते डोळ्यांपुढे आणावे. तीन स्ट्राइकना एक बाद. पहिली मुलगी चेंडू मागे कॅचरच्या हातमोज्यात गेल्यावर बॅट फिरविते. दुसरी भीतीने पाऊल मागे घेते. तिसरी बॅट फिरवीतच नाही. नऊ-दहा चेंडूंत डाव संपतो. समोरच्या संघाचे नुकसान तर उघडच आहे. पण तिच्या स्वतःच्या संघाचेही काही कमी झालेले नसते. तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलींकडे तासभर एकही चेंडू येत नाही. सामना त्या जिंकतात, टाळ्याही मिळवितात. खेळतात मात्र फार थोडा. अगदी उजव्या टोकाला, जेथे नवख्या मुलीला उभे करण्याचा रिवाज आहे, तेथली मुलगी बुटाच्या टोकाने गवत उकरीत बसते. पुढल्या वर्षी ती नाव नोंदवीत नाही, आणि ती का आली नाही हे कोणी विचारीतही नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. जेथे चांगली पिचर एकही नसते, तेथला खेळ पाहणे ही शिक्षाच असते. चार चेंडू भलतीकडे पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. मग एकीमागून एक मुलगी चालत बेसवर जाते, आणि बॅटीला चेंडू न लागताच धावा होत राहतात. अशा सामन्यातही क्षेत्ररक्षकांना काम नसते. म्हणजे नेमका चेंडू टाकणारी मुलगी खेळाला जिवंतही ठेवते आणि ठारही करते. ती किती वेळ टाकते आणि कोणाच्या बाजूने टाकते, यावर सारे अवलंबून असते. गावच्या लीगमधील भांडणाचा उलगडा येथे आहे. परंतु भांडणारे बहुधा मुलीकडे बोट दाखवितात आणि हा प्रश्न बाजूला राहतो.

पालकांची दुसरी तक्रार अधिक बोचरी आहे, आणि तिचा रोख मुलींकडे नसून मोठ्यांकडे आहे. संघ सारखे व्हावेत म्हणून लीगमध्ये चाचणीच्या दिवशी प्रत्येक मुलीला गुण देतात आणि मग प्रशिक्षक आळीपाळीने मुली निवडतात. गल्लीतली भिडू वाटण्याचीच ही पद्धत. मात्र प्रशिक्षकाची स्वतःची मुलगी त्याच्याच संघात राहते, अशी सवलत असते. मदतनिसाच्या मुलीलाही तीच सवलत मिळते. फिरत्या संघातील तीन मुलींचे वडील एकत्र येऊन एक प्रशिक्षक आणि दोन मदतनीस झाले की निवड सुरू होण्यापूर्वीच तीन पक्के गडी एका बाजूला जातात. नियम मोडलेला नसतो, न्याय मात्र मोडलेला असतो. पहिल्या शनिवारीच बाकीच्या पालकांना शेवटच्या शनिवारचा निकाल कळून चुकतो.

तिसरी गोष्ट मुलीच्या शरीराची आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. कमरेखालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला इजा होत नाही, अशी समजूत बराच काळ रूढ होती. खांद्यावर येणारा ताण मोजला गेला तेव्हा ती समजूत टिकली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सल्ला दिला, की मुलांना त्यांच्या मुख्य खेळापासून आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकंदर तीन महिने तरी विश्रांती मिळावी. आता मंगळवारी गावासाठी आणि शनिवार-रविवारी फिरत्या संघासाठी चेंडू टाकणाऱ्या मुलीचा हिशेब कोण ठेवतो? गावचा प्रशिक्षक आपल्या सामन्यापुरते पाहतो, फिरत्या संघाचा आपल्या स्पर्धेपुरते. दोन वह्यांतील आकड्यांची बेरीज फक्त त्या मुलीच्या खांद्यावर होते.

या साऱ्यावर सोपा तोडगा काही जण सुचवितात: फिरत्या संघातील मुलींना गावच्या लीगची दारे बंद करावीत. ऐकावयास तो न्याय्य वाटतो. परंतु त्याचा परिणाम काय होईल, ते पाहू जावे. चांगल्या मुली गेल्या की त्यांचे पालकही जातात. आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे, पंच म्हणून उभे राहणारे, हिशेब ठेवणारे हात बहुधा त्यांचेच असतात. मग मध्यम खेळणाऱ्या मुलींच्या घरी काळजी सुरू होते की आपली मुलगी मागे तर पडणार नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या, तिसऱ्या फळीचे फिरते संघ निघतात. अखेर गावच्या लीगमध्ये उरतात त्या एकतर अगदी नवख्या मुली, नाहीतर ज्यांच्या घरी मोटारीचे पेट्रोल आणि मुक्कामाचे भाडे परवडत नाही अशा मुली. लीग मग गावाची न राहता गावात मागे उरलेल्यांची होते. ॲस्पेन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०१९ मधील पाहणीत असे आढळले होते, की कुटुंबे एका मुलाच्या एका खेळावर वर्षाला सरासरी ६९३ डॉलर खर्च करीत होती, आणि सरासरी मूल एखादा खेळ तीन वर्षेही न खेळता अकराव्या वर्षापर्यंत सोडून देत होते. ज्या वयात आवड रुजावयाची, त्याच वयात मैदान सुटते. दार बंद करून ही गळती थांबणार नाही.

दार बंद करण्याच्या भाषेला या खेळांत एक जुना, दुखरा इतिहासही आहे. लिट्ल लीगची स्थापना १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी तीन संघांनिशी केली. ती मुलांसाठी होती. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावच्या कॅथरिन जॉन्स्टन या मुलीने केस कापून, मुलाच्या नावाने चाचणी देऊन संघात प्रवेश मिळविला. त्यानंतर मुलींना मनाई करणारा नियमच झाला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन गावात मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली, तोच तिला संघात ठेवल्यास मान्यता काढून घेऊ, अशी तंबी गावच्या लीगला मिळाली. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे गेले. १९७३ मध्ये तेथील अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायम केला. तोवर मारियाचे खेळण्याचे वय निघून गेले होते. त्याच १९७४ साली लिट्ल लीगने मुलींना प्रवेश दिला आणि सॉफ्टबॉलची शाखाही काढली. ज्या दारासाठी एका मुलीचे बालपण खर्ची पडले, ते दुसरी मुलगी अधिक चांगली खेळते म्हणून लावून घेणे शोभणारे नाही.

स्वतः स्टॉट्झ यांची कथाही येथे आठवावी. आपणच उभारलेल्या संस्थेवर चढत गेलेला व्यापारी रंग त्यांना रुचला नाही. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि १९५६ मध्ये त्यांनी संस्थेशी संबंध तोडला. पुढे विल्यम्सपोर्टमध्येच ते आपली मूळची छोटी लीग चालवीत राहिले. गावचा खेळ गावासाठी की गावाबाहेरच्या यशासाठी, हा वाद फिरत्या संघांनी आणलेला नाही. त्यांनी तो फक्त प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवला.

मग करावे काय? ज्या लीगांनी हा प्रश्न शांतपणे हाताळला आहे, त्यांचे उपाय अगदी साधे आहेत. नाव नोंदविताना मुलगी फिरत्या संघात खेळते की नाही हे लिहून घ्यावयाचे, लपवाछपवी ठेवावयाची नाही. अशा मुली, विशेषतः पिचर, आधी सर्व संघांत सारख्या वाटावयाच्या. प्रशिक्षकाचे मदतनीस संघ ठरल्यानंतर नेमावयाचे, आधी नाही. एका सामन्यात एका पिचरने दोन किंवा तीनच डाव टाकावेत, म्हणजे उरलेल्या डावांत दुसऱ्या मुलींना शिकता येते, फलंदाजांना चेंडू दिसतो आणि क्षेत्ररक्षकांना हलावे लागते. लहान वयोगटात एका डावात पाचाहून अधिक धावा मोजावयाच्या नाहीत. शनिवारी स्पर्धेला जाणाऱ्या मुलीने आधी कळवावे, म्हणजे आयत्या वेळी आठच मुली मैदानावर उभ्या राहण्याची पाळी येत नाही. आणि दोन्ही प्रशिक्षकांनी तिच्या खांद्याचा हिशेब एकाच वहीत ठेवावा. जेथे मुलींची संख्या मोठी आहे तेथे दोन गट पाडता येतात. लहान गावाला ती चैन परवडत नाही, म्हणून तेथे हे नियम अधिकच अगत्याचे.

या नियमांनी गुणी मुलीवर अन्याय होतो, असा आक्षेप येतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे. तिचे कौशल्य पणाला लावण्यासाठी तिचा फिरता संघ आहेच. तेथे तिला कोणी दोन डावांनंतर थांबवीत नाही. गावच्या मैदानावर तिला मिळावयाचे ते निराळे. तेथे ती तिसऱ्या डावानंतर चेंडू दुसरीच्या हाती देते आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहते. नव्या पिचरचे पहिले चार चेंडू भलतीकडे जातात, तेव्हा ती चार पावले पुढे होऊन तिला दोन शब्द सांगते. शिकविताना आपल्याला काय येते ते तिला स्वतःलाच नव्याने कळते. आणि उजव्या टोकाच्या मुलीकडे अखेर एक चेंडू जातो, तेव्हा कोठे फेकावयाचा हे ओरडून सांगणारी कोणीतरी तिच्याजवळ असते. चेंडू हातून सुटला तरी चालतो. तो तिच्याकडे गेला, हे घरी सांगण्याजोगे असते. पुढल्या वसंतात ती नाव नोंदविण्याचा संभव तेवढा वाढतो.

गल्लीतल्या मुलांना जे उपजत कळते ते मोठ्यांना समित्या नेमून शोधावे लागते. कच्च्या लिंबासाठी नियम थोडा सैल सोडावा लागतो. पक्क्या गड्यासाठी तो थोडा आवळावा लागतो. दोघांपैकी कोणालाही घरी पाठवावे लागत नाही. गावची लीग ही मोठ्या स्पर्धेची खालची पायरी नव्हे. सर्व पायऱ्यांवरच्या मुली आठवड्यातून एक सकाळ जेथे एकत्र येतात, असे ते अंगण आहे. तेथे किती सामने जिंकले याची नोंद फार काळ कोणी ठेवीत नाही. पुढल्या वर्षी किती मुली परत आल्या, हाच त्या लीगचा खरा धावफलक होय.